डोपामिनच्या नावावर किती बिलं फाडणार?

कुठलंही रील उघडा, मोटिव्हेशनचं भाषण ऐका, नाहीतर ऑफिसातल्या वेलनेस सेशनला जाऊन बसा, पाच मिनिटांत डोपामिन येतंच. फोन सुटत नाही? डोपामिन. अभ्यासात मन लागत नाही? डोपामिन कमी पडलं. ब्रेकअप झालं, म्हणजे सेरोटोनिन उतरलं, आणि मग कोणालातरी मिठी मारा म्हणजे ऑक्सिटोसिन मिळेल. सोबत तो ठरलेला चार रंगांचा तक्ता, चार 'हॅपी हॉर्मोन्स', प्रत्येकाखाली एक हसरा इमोजी. माझं म्हणणं सरळ आहे, हा तक्ता चुकीचा आहे आणि तो शाळेच्या भिंतीवरून, आरोग्याच्या पुरवण्यांमधून आणि सगळ्यात आधी जाहिरातींमधून काढून टाकला पाहिजे. "जाऊ दे ना, लोकांना सोपं करून सांगतात" असं म्हणून सोडून देण्याची वेळ गेली, कारण ह्या तक्त्याच्या भरवशावर लोक पैसे घालवतायत, सप्लिमेंट्सचे डबे मागवतायत, आणि काहीजण तर चालू असलेल्या गोळ्या परस्पर बंद करतायत.

आधी एक साधी गोष्ट बघा. आयसीयूमध्ये पेशंटचं ब्लड प्रेशर फार खाली गेलं तर डॉक्टर जी औषधं वापरतात त्यात एक चक्क डोपामिन आहे. ड्रिपमधून थेट शिरेत. (हल्ली बऱ्याचदा नॉरएड्रेनालिन आधी देतात, पण डोपामिन अजूनही वापरात आहे.) आता तक्त्याप्रमाणे ह्या पेशंटला आनंदाच्या उकळ्या फुटायला हव्यात, नाही का? तसं काही होत नाही. हृदय जोरात आणि जलद पंप करायला लागतं, डोस वाढवला तर रक्तवाहिन्या आवळतात, प्रेशर वर येतं, बस. कारण रक्तातलं डोपामिन मेंदूत शिरतच नाही, मेंदूच्या रक्तवाहिन्यांची भिंत त्याला बाहेरच थांबवते, आणि बाहेर ज्या पेशींना ते भेटतं त्या पेशींकडे आनंदाचं खातंच नसतं.

बरं, मेंदूतलं तरी? तिथेही डोपामिन हालचालींसाठी लागतं, ते कमी पडलं की पार्किन्सन्सचा कंप आणि ताठरपणा येतो. पिट्युटरी ग्रंथीपाशी तेच डोपामिन प्रोलॅक्टिन नावाच्या हॉर्मोनला दाबून ठेवतं, म्हणजे दूध तयार होण्याच्या प्रक्रियेवर त्याचा ब्रेक असतो. आणि मेंदूच्या खालच्या टोकाला एक भाग आहे जिथे डोपामिनचा संदेश पोचला की उलटी होते, म्हणून तर उलटीवर दिली जाणारी डोम्पेरिडोनची गोळी डोपामिनला अडवणारी आहे. आता सांगा, हे आनंदाचं रसायन की मळमळीचं? दोन्ही नाही. रसायनाला स्वतःचा असा स्वभाव नसतो, आणि लोकांना चेतापेशींबद्दल एकच गोष्ट शिकवायची झाली तर मी हीच शिकवेन.

हे नीट कळायला दोन चेतापेशींच्या मधल्या फटीत डोकावावं लागतं, थोडं टेक्निकल होईल पण सहन करा. पेशी शांत असते तेव्हा तिचा आतला भाग बाहेरच्या तुलनेत साधारण 70 मिलिव्होल्ट निगेटिव्ह असतो. पुरेसा धक्का बसला की सोडियमचे दरवाजे उघडतात, सोडियम आत घुसतं, व्होल्टेज उलटं होतं आणि मग पोटॅशियम बाहेर गेलं की व्होल्टेज परत जागेवर येतं, सगळा खेळ एक-दोन मिलिसेकंदांचा. ही लाट तंतूवरून धावते, चरबीचं वेष्टण असलेल्या जाड तंतूंमध्ये सेकंदाला 100 मीटरच्या वर, तर बारीक, उघड्या तंतूंमध्ये सेकंदाला जेमतेम एक-दोन मीटर. हा हिशोब हॉजकिन आणि हक्सली ह्यांनी 1952 मध्ये स्क्विडच्या जाडजूड तंतूवर प्रयोग करून मांडला. आत्तापर्यंत सगळी वीज.

पण तंतूच्या टोकाला वीज थांबते. पुढे साधारण 20 नॅनोमीटरची फट असते, केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटींनी अरुंद, आणि बहुतेक ठिकाणी वीज ती ओलांडत नाही. (काही ठिकाणी पेशी थेट एकमेकींना जोडलेल्या असतात आणि तिथे वीज सरळ पुढे जाते, पण तो वेगळा विषय.) टोकापाशी कॅल्शियमचे दरवाजे उघडतात, कॅल्शियम आत येतं, आणि तिथे आधीच तयार होऊन बसलेल्या इवल्याशा पिशव्या, प्रत्येकीत रसायनाचे काही हजार रेणू, त्या पेशीच्या कडेला चिकटतात आणि फटीत रिकाम्या होतात. पिशवीचं आवरण पेशीच्या आवरणात मिसळायला काही प्रथिनं लागतात, ती एकमेकांभोवती पीळ घालून दोन्ही आवरणं जवळ ओढतात. रेणू पलीकडे पोचतात, तिथल्या रिसेप्टरवर (म्हणजे पेशीवरच्या, तो रेणू ओळखणाऱ्या प्रथिनावर) बसतात, आणि लगेच साफसफाई सुरू होते, काही रेणू परत आत ओढले जातात, काहींना एन्झाइम तोडून टाकतं. कॅल्शियम आत आल्यापासून पलीकडे परिणाम दिसेपर्यंत साधारण अर्धा ते एक मिलिसेकंद!

आता खरा मुद्दा. पलीकडे काय होणार हे कोण ठरवतं? पाठवणारी पेशी? नाही. रेणू? तोही नाही. ठरवते घेणारी पेशी, तिच्याकडे कुठला रिसेप्टर आहे आणि तो रिसेप्टर आतल्या कुठल्या यंत्रणेला जोडलेला आहे त्यावरून. शाळेची घंटा तीच असते, सकाळी वाजली की पोरं आत पळतात आणि संध्याकाळी वाजली की बाहेर.

हे काही आजचं नवीन संशोधन नाही, म्हणून तर जास्त चीड येते. ऑटो लोवी ह्यांनी 1921 मध्ये छापलेला बेडकाच्या हृदयाचा प्रयोग घ्या. (स्वप्नात प्रयोग सुचला वगैरे गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते, ती सोडून देऊ.) दोन बेडकांची हृदयं काढून खारट द्रावणात ठेवलेली, दोन्ही धडधडतायत. पहिल्या हृदयाला व्हेगस नावाची नस जोडलेली, दुसऱ्याला नाही. नसेला वीज दिली, पहिलं हृदय मंदावलं, ह्यात विशेष काही नाही, ते आधीपासून माहीत होतं. मग पहिल्या हृदयातलं द्रावण काढून दुसऱ्यात घातलं. आणि दुसरं हृदयसुद्धा मंदावलं, ज्याला कुठली नस जोडलेली नव्हती की कुठली वीज दिलेली नव्हती. म्हणजे नसेने द्रावणात काहीतरी सोडलं होतं. ते काहीतरी म्हणजे असिटिलकोलिन, आणि 1936 चं नोबेल लोवी आणि हेन्री डेल ह्यांना मिळून मिळालं.

पण गंमत पुढे आहे. हेच असिटिलकोलिन हाताच्या, पायाच्या स्नायूवर पडलं की स्नायू आकुंचन पावतो. हृदयाला 'हळू', हाताला 'ओढ'. रेणू तोच, एका अणूचा फरक नाही. स्नायूवरचा रिसेप्टर स्वतःच एक दरवाजा आहे, रेणू बसला की उघडतो, सोडियम आत, स्नायू आवळला. हृदयावरचा रिसेप्टर वेगळा, तो आत निरोप देतो, त्यामुळे पोटॅशियमचे दरवाजे उघडतात, पोटॅशियम बाहेर जातं, पेशी आणखी निगेटिव्ह होते आणि पुढचा ठोका लांबतो. आता असिटिलकोलिनला तक्त्यात कुठला इमोजी देणार बोला.

असे नमुने ढीगभर आहेत. ग्लुटामेट नावाच्या, असेच संदेश नेणाऱ्या रसायनाला 'उत्तेजक' म्हणून शिकवतात, आणि बहुतेक वेळा ते असतंही, पण डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत की ग्लुटामेट आलं की गप्प बसतात, आणि ग्लुटामेट थांबलं की जाग्या होतात. गाबा 'शांत करणारं', त्याच्या नावाने झोपेचे डबे विकतात, पण मेंदू घडत असतानाच्या काळात कोवळ्या पेशींमध्ये क्लोराइड जास्त असतं म्हणून तेच गाबा त्यांना उलट उद्दीपित करू शकतं. शिवाय तोंडाने घेतलेलं गाबा रक्तातून मेंदूत फारसं जात नाही ते वेगळंच. मला सगळ्यात पटणारं उदाहरण मात्र दोन विषांचं आहे. बोट्युलिनम आणि धनुर्वाताचं विष, दोन्ही एकाच कुळातल्या जंतूंची, आणि दोन्ही करतात काय, तर पिशव्या रिकाम्या व्हायला जी प्रथिनं लागतात तीच कापून टाकतात. काम तेच. तरी बोट्युलिनमने माणूस लुळा पडतो आणि धनुर्वाताने ताठ होतो, जबडा बसतो, पाठ धनुष्यासारखी वाकते. कारण बोट्युलिनम नस आणि स्नायूच्या जोडापाशी काम करतं, तिथे संदेश बंद म्हणजे स्नायू ढिला, आणि धनुर्वाताचं विष नसेतून वर चढून मज्जारज्जूत जातं आणि तिथल्या 'गप्प बस' सांगणाऱ्या पेशींची तोंडं बंद करतं. आवरायला कोणी उरलं नाही की स्नायू सुटतात बेफाम. कुठल्या पेशीचा कुठल्या पेशीशी संवाद तुटला हे माहीत असल्याशिवाय 'रसायन कमी झालं' ह्या वाक्यातून काहीही कळत नाही, रोगी ताठ होणार की लुळा एवढंसुद्धा नाही.

ह्यावर ठरलेलं उत्तर येतं की पण डोपामिनचा आणि बक्षिसाचा संबंध तर आहेच ना. आहे, मी कुठे नाही म्हणतोय! पण तो संबंध नेमका काय आहे ते तरी सांगा. वुल्फ्रॅम शुल्ट्झ ह्यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामिनवाल्या पेशींची नोंद घेतली. माकडाला अचानक ज्यूस मिळाला की ह्या पेशी जोरात बोलतात. मग ज्यूसच्या आधी प्रत्येक वेळी एक खूण दाखवायला सुरुवात केली, माकड ती शिकलं, आणि नंतर पेशी खुणेला बोलायला लागल्या, ज्यूसला नाही. ज्यूस तोच, गोडवा तोच, पण अपेक्षेप्रमाणे आला तर पेशींना त्याची दखल नाही. आणि खूण दाखवून ज्यूस दिलाच नाही तर नेमक्या त्या क्षणी पेशी नेहमीपेक्षा गप्प झाल्या. म्हणजे हा संदेश 'मजा आली' असा नसून 'वाटलं होतं त्यापेक्षा बरं निघालं' किंवा 'वाईट निघालं' असा आहे, शिकण्यासाठीचा. केंट बेरिज ह्यांनी दाखवलं की ज्या उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन जवळजवळ संपवलेलं आहे ते आपणहून खायला जात नाहीत, पण तोंडात साखरेचं पाणी सोडलं तर त्यांच्या चेहऱ्यावर आवडल्याच्या खुणा तशाच्या तशा दिसतात. हवंसं वाटणं आणि आवडणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या. केवढी भारी गोष्ट आहे ही, माणसाच्या सवयींबद्दल किती काही सांगणारी, आणि आपण तिचा काय केला, तर इमोजी.

मग ते 'डोपामिन डिटॉक्स'. एक दिवस फोन बाजूला ठेवा, गोड खाऊ नका, कोणाशी बोलू नका, की म्हणे मेंदू रीसेट. फोन बाजूला ठेवायला माझी अजिबात ना नाही, खुशाल ठेवा, सवय मोडायला तो चांगला उपाय असू शकतो. पण डोपामिन हा काही शरीरात साठलेला कचरा नाही जो उपास करून बाहेर काढायचा, ह्या पेशी तुम्ही भिंतीकडे बघत बसलात तरी सेकंदाला काही वेळा संदेश सोडतच असतात आणि त्या सोडतायत म्हणूनच तुम्ही खुर्चीतून उठू शकता. ज्यांचं डोपामिन खरोखर उतरतं त्या पार्किन्सन्सच्या पेशंटना विचारा, शर्टाचं बटण लावायला किती वेळ लागतो. अर्विड कार्लसन ह्यांनी 1950 च्या दशकात रिझर्पिन (मेंदूतलं डोपामिन संपवणारं औषध) देऊन निपचित पडलेल्या सशांना एल-डोपा, म्हणजे ज्यापासून डोपामिन बनतं ते रसायन, दिलं आणि ते परत हिंडायला लागले, त्या कामासाठी 2000 सालचं नोबेल त्यांना आणखी दोघांबरोबर मिळालं. आणि दुसरी बाजूही ऐका, पार्किन्सन्ससाठी डोपामिनच्या रिसेप्टरवर काम करणाऱ्या काही गोळ्या आहेत, त्या घेणाऱ्यांपैकी काहींना जुगाराचं नाहीतर खरेदीचं वेड लागतं, आनंदी नाही होत ती माणसं, कर्जबाजारी होतात. डॉक्टर हा धोका आधी सांगतात, रीलवाले सांगत नाहीत.

सेरोटोनिनची कथा ह्याहून नाजूक आहे, इथे मी जरा जपून बोलणार. डिप्रेशन म्हणजे सेरोटोनिन कमी, ही कल्पना आली कुठून? औषधांपासून उलटी चालत आली. 1950 च्या सुमारास टीबीसाठी दिलेल्या इप्रोनियाझिडने काही पेशंट चांगलेच तरतरीत झालेले दिसले, नंतर कळलं की ते सेरोटोनिनसारखी रसायनं तोडणाऱ्या एन्झाइमला अडवतं, आणि 1960 च्या दशकात त्यावरून सिद्धांत तयार झाला की मग आजारात ही रसायनं कमी असणार. तेव्हा ती चांगली शास्त्रीय अटकळ होती. पण 1987 च्या शेवटी अमेरिकेत फ्लुऑक्सेटिन ह्या सेरोटोनिनवर काम करणाऱ्या डिप्रेशनच्या गोळीला मंजुरी मिळाली, नंतर टीव्हीवर जाहिराती आल्या आणि अटकळीचं 'केमिकल इम्बॅलन्स' झालं, जणू रक्तातली साखर मोजावी तसं कोणी मोजून बघितलंय. एक अडचण तर पहिल्यापासून समोर होती, ह्या गोळ्या सेरोटोनिन परत ओढून घेण्याची क्रिया काही तासांत अडवतात, पण माणसाला बरं वाटायला आठवडे लागतात. नुसती भर घालायची असती तर संध्याकाळपर्यंत फरक पडला असता. म्हणजे मधल्या आठवड्यांत ऐकणाऱ्या पेशी बदलत असणार, रिसेप्टर, जोडण्या, बरंच काही, आणि सेरोटोनिनचे रिसेप्टर चौदाच्या आसपास प्रकारचे आहेत, प्रत्येकाचं काम वेगळं.

2022 मध्ये जोआना मॉनक्रीफ आणि सहकाऱ्यांनी आधीच्या सगळ्या पुराव्यांचा आढावा घेऊन म्हटलं की डिप्रेशनमध्ये सेरोटोनिन कमी असतं ह्याला ठोस आधार दिसत नाही. काही तज्ज्ञांनी त्यांच्या पद्धतीवर टीका केली, ते चालायचंच. पण जगभर हेडलाइन्स काय झाल्या? 'गोळ्या निरुपयोगी'. त्या आढाव्यात गोळ्यांचा उपयोग होतो की नाही हे तपासलेलंच नव्हतं! म्हणजे आधी एका टोकाने सांगितलं की सेरोटोनिन कमी आहे म्हणून गोळी घ्या, मग दुसऱ्या टोकाने सांगितलं की सेरोटोनिन कमी नाही म्हणून गोळी फेका, आणि दोघांच्या डोक्यात तोच तक्ता. औषध का चालतं हे पूर्ण कळलेलं नसतानाही ते चालू शकतं. आणि अशी गोळी एकदम बंद केली की चक्कर, बेचैनी, झोपेचे हाल असे त्रास होऊ शकतात, त्यामुळे डॉक्टरांशी बोलल्याशिवाय कोणी परस्पर थांबवू नये, हे मी मुद्दाम लिहून ठेवतोय. 'सोपं करून सांगण्याची' किंमत ही असते, सोपं वाक्य कोसळलं की त्याच्यावर टेकलेला माणूसही पडतो.

सोपं करायला माझा विरोध नाहीच मुळी. 'चेतापेशी एकमेकींना रसायनातून संदेश देतात आणि संदेशाचा अर्थ घेणारी पेशी लावते', हे वाक्य दहावीच्या पोराला कळतं, 'डोपामिन म्हणजे आनंद' पेक्षा आठ शब्द जास्त आहेत फक्त. शाळेत हे शिकवा. असिटिलकोलिनचं हृदय आणि हात हे उदाहरण शिकवा, पोरं विसरणार नाहीत. पत्रकारांनी रसायनाचं नाव लिहिलं की मेंदूचा कुठला भाग, कुठल्या प्राण्यात बघितलं, एवढं पुढच्या वाक्यात लिहावं, आणि ते माहीत नसेल तर नाव काढून टाकावं, बातमीचं काही बिघडत नाही. जाहिरातींवर नियम करणाऱ्यांकडून तर माझी अपेक्षा अगदी माफक आहे, 'डोपामिन वाढवतं', 'सेरोटोनिन संतुलित करतं' असा दावा डब्यावर छापायचा असेल तर माणसाच्या मेंदूत ते कसं मोजलं ते दाखवा. बहुतेक डबे कोरे होतील.

आणि जे लोक म्हणतात की मग रसायनं सोडा, मेंदूचं वायरिंग काढलं की सगळं समजेल, त्यांनाही घाई आहे. एका छोट्या जंतासारख्या किड्याच्या सगळ्या 302 चेतापेशींचा नकाशा 1986 मध्येच छापून आला, कोण कोणाला जोडलंय ते माहीत आहे, तरी नुसत्या नकाशावरून तो किडा पुढच्या क्षणी काय करेल हे अजून नीट सांगता येत नाही, कारण त्याच वायरिंगमधून कुठला निरोप कधी मोठ्याने ऐकला जाईल हे इकडेतिकडे पसरणारी पेप्टाइड्स (प्रथिनांच्या छोट्या तुकड्यांसारखी संदेशाची रसायनं) बदलत राहतात. आपल्याकडे अशा 86 अब्ज पेशी आहेत.

शेवटी सेरोटोनिनच्या रक्ततपासणीबद्दल, कारण हल्ली तिच्याबद्दल विचारणारे वाढलेत. 'मूड खराब आहे, सेरोटोनिन चेक करून घेऊ का?' शरीरातलं सुमारे 90 टक्के सेरोटोनिन आतड्यात तयार होतं, तिथून रक्तातल्या प्लेटलेट्स ते उचलतात, आणि ते मेंदूत जात नाही, त्यामुळे रक्तातल्या आकड्यावरून तुमच्या मेंदूत काय चाललंय ह्याचा पत्ता लागत नाही. डॉक्टर सेरोटोनिनची किंवा त्याच्या लघवीत उतरणाऱ्या अवशेषाची तपासणी सांगतात ती सहसा सेरोटोनिन सोडणाऱ्या एका विशिष्ट जातीच्या ट्यूमरचा संशय असला की. अशा पेशंटच्या रक्तात सेरोटोनिन भरपूर असतं. त्यांचा चेहरा अचानक लालबुंद होतो, जुलाब थांबत नाहीत, आणि काहींच्या हृदयाच्या झडपा खराब होतात.